गिळताना घसा वाजतो : भ्यावे केव्हा, सोसावे केव्हा



ह्या पानावर आम्ही बहुधा भातावरचा करपा, जनावरांची लाळ-खुरकत, बाळंतिणीचा आहार असे विषय घेतो. ह्या वेळचा विषय वरवर पाहता अगदी क्षुल्लक आहे. घास किंवा आवंढा गिळताना घशात ‘टक्’ असा आवाज होणे. ताप नाही, सूज नाही, आणि कित्येकदा दुखणेही नाही. पण ज्याला हा त्रास आहे त्याला तो क्षुल्लक वाटत नाही, हे आम्ही जवळून पाहिले, म्हणून हा लेख.

खानापूरकडचे एक शेतकरी बांधव आमच्या परिचयाचे आहेत. वय पन्नाशीचे. भात आणि रताळी पिकवतात. रविवारच्या मिस्सेला पूर्वी ते पुढच्या बाकावर बसत. पुढे ते अगदी मागे, दाराजवळ उभे राहू लागले. एकदा मिस्सा सुटल्यावर आम्ही कारण विचारले. ते म्हणाले, “कम्युनियन झाल्यावर सगळे गप्प बसतात बघा. तेव्हा मी गिळलं की टक् करून वाजतंय. शेजारचा माणूस वळून बघतो. नको वाटतंय.”

दोन वर्षे हा आवाज त्यांची सोबत करीत होता. रात्रीच्या शांततेत तो घरच्यांनाही ऐकू येई. लग्नाच्या पंगतीला जाणे त्यांनी बंद केले होते. चार डॉक्टर झाले. एकाने जंतुनाशक गोळ्या दिल्या, एकाने आम्लपित्ताच्या. एकाने स्कॅन काढायला लावला आणि ‘सर्व काही ठीक आहे’ असा कागद हाती दिला. चौथा म्हणाला, “हा तुमच्या मनाचा खेळ आहे.” पण त्यांच्या मनात वेगळेच होते. त्यांचा थोरला भाऊ तंबाखूपायी तोंडाच्या कर्करोगाने गेला होता. प्रत्येक ‘टक्’बरोबर त्यांना भाऊ आठवे. दिवसातून शेकडो वेळा.

शेकडो वेळा हे आम्ही उगाच म्हणत नाही. निरोगी माणूस दिवसाकाठी सुमारे ५०० ते ७०० वेळा गिळतो. जेवताना गिळतो, बोलताना गिळतो, झोपेतही अधूनमधून लाळ गिळतो. पायाचा गुडघा वाजत असेल तर बसून राहता येते. घशाला सुटी देता येत नाही. म्हणून हा आवाज कोठून येतो, त्यात धोका केव्हा असतो आणि केव्हा नसतो, हे नीट समजून घेणे बरे.

घशाच्या आत काय हलते

आपल्या गळ्यावर पुढच्या बाजूस हाताला एक उंचवटा लागतो. पुरुषांत तो ठळक दिसतो. मराठीत त्याला कंठमणी म्हणतात. युरोपातील लोक त्याला ‘आदामाचे सफरचंद’ म्हणत आले. आदामाने खाल्लेले फळ तेथेच अडकले अशी लोककथा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात मात्र ना सफरचंदाचे नाव आहे, ना फळ अडकल्याचा उल्लेख. हा उंचवटा म्हणजे स्वरयंत्राची पुढची ढाल. ती कूर्चेची, म्हणजे कानाच्या वरच्या भागात असते तशा लवचीक पण टणक पदार्थाची बनलेली असते.

ह्या ढालीच्या मागच्या कडांना वरच्या बाजूस दोन टोके निघालेली असतात, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. डॉक्टरही त्यांना ‘शिंगे’च म्हणतात. ढालीच्या वर, हनुवटीच्या खाली, घोड्याच्या नालाच्या आकाराचे एक लहान हाड असते. त्याला कंठिकास्थी म्हणतात. हे हाड शरीरातील दुसऱ्या कोणत्याही हाडाशी सांध्याने जोडलेले नसते. स्नायू आणि बंधने ह्यांच्या आधाराने ते चारी बाजूंनी ताणलेल्या दोरांवर टांगल्यासारखे असते. ह्या सगळ्याच्या मागे अन्ननळीचा वरचा भाग आणि त्याच्याही मागे मानेचे मणके.

आता एक आवंढा गिळून पाहा आणि बोट कंठमण्यावर ठेवा. तो झटकन वर जातो आणि पुन्हा खाली येतो. सुमारे दोन सेंटिमीटर वर जातो. त्यामुळे श्वासाची वाट क्षणभर झाकली जाते आणि घास मागच्या वाटेने खाली उतरतो. म्हणजे गिळताना ढाल, शिंगे, नालासारखे हाड आणि त्यांना बांधणारे स्नायू असे सगळेच एकमेकांजवळून सरकतात. विहिरीच्या रहाटाची कप्पी बसवताना आपण दोराला वाट मोकळी ठेवतो. कप्पी थोडी कलती झाली की प्रत्येक फेऱ्याला दोर एके ठिकाणी घासतो आणि आवाज करतो. पाणी मात्र वर येतच राहते. घशाचेही बरेचसे असेच आहे.

आवाजाची ठाऊक असलेली कारणे

पहिले कारण शिंगांचे. कोणाचे शिंग जन्मतः थोडे लांब असते, कोणाचे आत वळलेले असते. गिळताना ते नालाच्या हाडाच्या टोकाला किंवा पाठीमागच्या मणक्याला चाटून जाते आणि ‘टक्’ होते. वय वाढते तशी स्वरयंत्राची कूर्चा हळूहळू हाडासारखी कठीण होते, हेही लक्षात ठेवावे. गळ्याला मार लागल्यानंतरही ह्या भागांची जागा किंचित बदलू शकते.

दुसरे कारण मानेच्या मणक्यांचे. उतारवयात मणक्यांच्या कडांना हाडाच्या चोची फुटतात. त्या पुढच्या बाजूस वाढल्या तर गिळण्याच्या वाटेला खेटतात. चोच फारच मोठी असेल तर घास अडकल्यासारखा वाटतो.

तिसरे कारण कानामागून खाली येणाऱ्या सुईसारख्या हाडाचे. हे हाड साधारणपणे अडीच सेंटिमीटर असते. तीन सेंटिमीटरच्या पुढे गेले तर ते लांब समजले जाते. त्यामुळे होणाऱ्या त्रासाचे वर्णन अमेरिकेतील डॉ. वॉट ईगल यांनी १९३७ साली केले. ह्यात आवाजापेक्षा गिळताना टोचणे, एका बाजूचा घसा व कान दुखणे, हीच तक्रार जास्त असते.

चौथे म्हणजे आवाज घशातला नसतोच, पण घशातला वाटतो. गिळताना कानापासून घशापर्यंत जाणारी नळी क्षणभर उघडते आणि कानात हलकी ‘टिक्’ होते. ती सर्वांनाच होते. सर्दी झाली की जास्त जाणवते. जबड्याचा सांधाही वाजतो. पण तो चावताना आणि जांभई देताना वाजतो, नुसती लाळ गिळताना सहसा नाही. टाळूच्या स्नायूंना लचके येऊन होणारी टिकटिक घड्याळासारखी आपोआप चालते, तिला गिळण्याची वाट पाहावी लागत नाही. हा फरक डॉक्टरांना सांगितला तर त्यांचे अर्धे काम होते.

आणखी एक गोष्ट. निरोगी माणसाचा कंठ दोन बोटांत धरून हलकेच उजवीकडे-डावीकडे सरकवला, तर आतून करकर जाणवते. कूर्चा मणक्यांवरून सरकते, तिची ती करकर. ती नैसर्गिक आहे. कित्येक जण ती जाणवली म्हणून घाबरतात आणि मग दिवसातून दहा वेळा गळा चाचपत बसतात. असे करू नये.

निदान का सापडत नाही

आमच्या त्या बांधवांचा प्रश्न होता, “एवढा मोठा फोटो काढला, त्यात दिसलं कसं नाही?” ह्याचे उत्तर सोपे आहे. साधा स्कॅन काढताना माणसाला उताणे निजवतात आणि हलू नको, गिळू नको म्हणून सांगतात. आवाज मात्र हलतानाच होतो. उभ्या केलेल्या गाडीचा फोटो पाहून धावताना तिचे चाक का वाजते हे सांगता येत नाही, तसेच हे. स्कॅनमध्ये गाठ नाही, सूज नाही, एवढे कळते, आणि ते कळणेही मोलाचे आहे. आवाजाचे ठिकाण मात्र त्यात निसटते.

म्हणून ‘स्कॅन ठीक आहे’ ह्याचा अर्थ ‘तुम्हाला काही होत नाही’ असा नव्हे. आवाज खराच आहे. आणि त्याच वेळी, ‘कारण सापडले नाही’ ह्याचा अर्थ ‘काहीतरी भयंकर लपलेले आहे’ असाही नव्हे. ह्या दोन वाक्यांमधली जागा समजली, की माणसाला रात्री झोप येते.

डॉक्टरकडे जाताना

आधी पंधरा दिवस एका वहीत नोंद ठेवावी. आवाज उजवीकडे की डावीकडे? लाळ गिळताना, पाणी पिताना की घास गिळताना? मान वळवली की थांबतो का? दुखते का? कधीपासून, आणि त्याआधी गळ्याला मार, नळी घालून केलेली शस्त्रक्रिया, मोठा खोकला असे काही झाले होते का? घरातील कोणाकडून मोबाईलवर आवाज मुद्रित करून घ्यावा. दवाखान्यात गेल्यावर नेमका आवाज येत नाही, हा सर्वांचाच अनुभव; तेव्हा हे मुद्रण उपयोगी पडते.

मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळातही हा विभाग असतो. डॉक्टर गळा बाहेरून चाचपतात, गिळायला सांगून बोटांनी आवाजाची जागा शोधतात, आणि नाकावाटे बारीक लवचीक दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहतात. गरज वाटली तर गळ्याची सोनोग्राफी, स्कॅन, किंवा पांढरे औषध पाजून गिळतानाचा चालता क्ष-किरण फोटो काढतात. बोटाने कंठ एका बाजूला दाबला की आवाज थांबतो, असे डॉक्टरांना आढळले तर शिंगाचा संशय बळावतो.

शिंगाचे टोक कापून आवाज कायमचा थांबल्याचे वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकांतून आलेले आहेत, पण ते मोजके आहेत. त्या जागेजवळून आवाजाच्या स्नायूला जाणारी नस जाते. म्हणून नुसत्या आवाजासाठी कोणी घाईने शस्त्रक्रिया सुचवली, तर दुसऱ्या जाणत्या डॉक्टरांचे मत घ्यावे. दुखणे मोठे असेल, जेवण होत नसेल, कारण नक्की सापडले असेल, तर गोष्ट वेगळी.

ह्या खुणा दिसल्यास थांबू नये

पुढील खुणांपैकी एकही असेल तर ‘नुसता आवाज आहे’ म्हणून घरी बसू नये :

घास अडकणे, आधी भाकरी आणि मग पेजही उतरेनाशी होणे. कारण नसताना वजन उतरणे. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहणे. गळ्यात गाठ लागणे, मग ती दुखो वा न दुखो. गिळताना वरखाली होणारी गाठ गलगंडाचीही असू शकते. थुंकीतून रक्त पडणे. एकाच कानात सतत कळ मारणे. तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा-तांबडा चट्टा. जेवताना वारंवार ठसका लागणे.

लाळही गिळता येत नसेल, श्वास लागत असेल, तर त्याच दिवशी, त्याच घटकेला इस्पितळ गाठावे. शेतात पायाला जखम होऊन पुढे जबडा ताठरला आणि गिळणे जड झाले, तर ती धनुर्वाताची खूण असू शकते. तेथे एक तासही दवडू नये.

तंबाखू, मशेरी, गुटखा, विडी आणि दारू ह्यांची सवय असणाऱ्यांनी वरच्या यादीकडे दुप्पट लक्ष द्यावे. टक् ह्या आवाजाने कर्करोग होत नाही. तंबाखूने होतो. आवाजाला भिऊन तोंडात चिमूट धरणारा माणूस आम्ही पाहिला आहे. त्याने भीतीची जागा चुकवली असे आम्ही म्हणू.

कारण सापडले नाही, आता काय करावे

तपासणी पूर्ण झाली, धोक्याची खूण नाही, तरी आवाज आहेच. अशा वेळी रोजच्या वागण्यातल्या काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात.

कोरडा आवंढा वारंवार गिळू नये. ‘अजून वाजते का’ हे पाहण्यासाठी गिळणे हीच मोठी खोड आहे. जितके लक्ष द्यावे तितके गिळणे वाढते, आणि गिळणे वाढले की आवाज वाढतो. जवळ पाण्याची बाटली ठेवावी, घोटभर पाणी घ्यावे. खाकरण्याचीही सवय सोडावी. खाकरल्याने घसा अधिक चिडतो.

रात्रीचे जेवण आणि झोप ह्यांत तीन तासांचे अंतर ठेवावे. आम्लपित्त वर येत असेल तर खाटेच्या उशाकडील पायांखाली विटा देऊन ती वीतभर उंच करावी. पित्तामुळे हाड वाजत नाही, पण घशाला खवखव सुटते आणि माणूस पुन्हा पुन्हा गिळत राहतो.

घास लहान घ्यावा, नीट चावावा, जेवताना ताठ बसावे. डोक्यावर ओझे वाहणे आणि एकाच खांद्यावर फवारणीचा पंप अडकवणे ह्याने मानेचे स्नायू आखडतात. ओझे वाटून घ्यावे, पंपाचे दोन्ही पट्टे लावावेत. मळणीच्या धुळीत आणि फवारणीच्या वेळी तोंडा-नाकाला आवरण असावे, म्हणजे घसा कोरडा पडून खवखवणार नाही.

आणि काही गोष्टी मुळीच करू नयेत. ‘शीर सरकली’ म्हणून कोणाकडून गळा चोळून घेऊ नये. पडजीभ पडली म्हणून घशात बोट घालून चेपू देऊ नये. मानेला झटका देऊन ‘मोकळी’ करून घेऊ नये. गळ्याच्या दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या आहेत, त्यांना इजा झाली तर पक्षाघात होतो. काटा अडकला समजून कोरड्या भाताचे गोळे गिळू नयेत. दर महिन्याला नवा डॉक्टर आणि नवी गोळी हेही नको. एकाच जाणत्या डॉक्टरांना धरून राहावे आणि वरीलपैकी नवी खूण दिसली तरच पुन्हा जावे.

घरच्यांनी आणि धर्मग्रामाने

ह्या आजारात औषधाइतकेच घरच्यांचे वागणे महत्त्वाचे. ‘तुला काही झालेले नाही’ असे म्हणू नये, कारण त्याला आवाज ऐकू येतो. ‘घड्याळ वाजले’ म्हणून ताटावर थट्टाही करू नये. “वाजतंय खरं, मलाही ऐकू येतंय. डॉक्टरांनी बघितलंय, भीतीचं नाही. जेव निवांत,” एवढे म्हटले तरी घास खाली उतरतो.

चर्चमधील संकोचाविषयीही दोन शब्द. पवित्र कम्युनियनपूर्वी एक तासाचा उपवास असतो, पण पाणी आणि औषध ह्यांनी तो मोडत नाही. तेव्हा घसा कोरडा पडणाऱ्यांनी मिस्सेला येण्यापूर्वी खुशाल पाणी प्यावे. वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे ह्यांना तर त्या एका तासाचेही बंधन नाही. खरोखरच गिळणे जड असेल तर फादरांना आधी सांगावे; भाकरीचा अगदी लहान तुकडा देता येतो, आणि तोही अशक्य असेल तर केवळ द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन देण्यासही चर्चची मुभा आहे. ह्यात लाजण्यासारखे काही नाही.

३ फेब्रुवारीला संत ब्लेझ यांचा सण येतो. ते चौथ्या शतकाच्या आरंभी आर्मेनियातील सेबास्ते येथे बिशप होते आणि त्यांनी हौतात्म्य पत्करले. घशात माशाचा काटा अडकलेल्या मुलाला त्यांनी वाचवले अशी परंपरा आहे. म्हणून त्या दिवशी फादर दोन मेणबत्त्या आडव्या धरून गळ्याला आशीर्वाद देतात. गोव्यात जुन्या गोव्याजवळ गवंडाळी येथे त्यांच्या नावाचे चर्च आहे. हा आशीर्वाद जरूर घ्यावा. पण परंपरा हेही सांगते की, ब्लेझ बिशप होण्यापूर्वी वैद्य होते. जुन्या करारातील सिराखच्या पुस्तकाच्या ३८व्या अध्यायातही वैद्याचा मान राखण्यास सांगितले आहे. मेणबत्ती आणि दुर्बीण ह्यांत भांडण नाही.

संत पौलाला आपल्या देहातील काट्याचा त्रास होता. तो निघावा म्हणून त्याने प्रभूला तीन वेळा विनवले, असे तो करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सांगतो. तो काटा नेमका कोणता, ह्यावर विद्वानांचे आजही एकमत नाही. म्हणजे पौलाच्या दुखण्याचेही निदान झालेले नाही. काटा निघाला नाही, पण पौलाचे काम थांबले नाही.

आमच्या खानापूरकडच्या बांधवांनी शेवटी एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीची तपासणी करून घेतली. गाठ नव्हती. डाव्या बाजूचे शिंग थोडे आत वळले असावे, असे डॉक्टर म्हणाले. खात्रीने सांगता येत नाही, आणि कापण्याची गरज नाही, असेही म्हणाले. भावाच्या आठवणीने त्यांनी तंबाखू मात्र त्याच दिवशी सोडली. पुढे नव्या कणसांच्या आशीर्वादाच्या मिस्सेला ते आम्हाला पुढच्या बाकावर दिसले. कम्युनियननंतरच्या शांततेत आम्हाला तो आवाज ऐकू आला. शेजारच्या मुलाने वळून पाहिले. त्यांनी त्याच्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटले.